येताना ताट-तांब्या घेऊन या!

मंडळी, आज आमच्या दारात पंगत बसली आणि आमंत्रण चुकून मीच दिलं!

माझ्या वडिलांचे, अण्णांचे, भोंगा आणि अ‍ॅम्प्लिफायर ते गेल्यापासून माळ्यावर पडून होते. आई म्हणायची, "दे भंगारात." मी ऐकलं नाही. भोंग्यातली कुंभारीणमाशीची घरं खरवडून काढली, अ‍ॅम्प्लिफायरचे उडालेले कंडेन्सर बदलून घेतले आणि आज दुपारी अंगणात वायरी जोडल्या.

दिवा लागला. भोंगा घरघरला. माईकवर काय बोलावं सुचेना, तर तोंडातून अण्णांचंच वाक्य निघालं. भाटघरच्या आसपास कुठंही गावजेवण असलं की ते पुकारायचे, "जेवाय चला हो! येताना ताट-तांब्या घेऊन या!"

थोड्या वेळानं शेजारच्या भागूआक्का खरंच ताट-तांब्या घेऊन हजर. मागोमाग अख्खी आळी!

"कशाचं जेवान हाय गं?" आक्कांनी विचारलं.

आईनं माझ्याकडं असं बघितलं की त्या भोंग्यातच लपावंसं वाटलं. मग म्हणाली, "भोंगा बोलाय लागला, त्याचं. बसा समदी, पिठलं टाकते."

भाकरी थापायला आळीतल्या बायाच बसल्या.

जेवणं उरकल्यावर मी बटण बंद करणार, तोच आईनं माईक मागितला. आजवर तिनं त्याला कधी हात लावला नव्हता. अण्णा शेवटी विचारायचे तेच तिनं विचारलं, "कुणी जेवायचं ऱ्हायलंय का?"

तुमच्यातलं कुणी राहिलंय का, मंडळी? चूल अजून गरम आहे.