जमाईंचं इम्पॅक्ट रेंच

सुरतजवळच्या पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये आम्ही हीट एक्स्चेंजरच्या झाकणासमोर उभे होतो. शेठचे जमाई केतनभाई माझ्या चार फिटरांचं काम एकटे करून दाखवणार होते. दाखवलं, की मेंटेनन्सचं वर्षाचं काँट्रॅक्ट माझ्याकडून जाणार. शेठने मला हे गोड हसत सांगितलं होतं. माणसाला कापताना शेठ नेहमी गोडच हसायचे.

केतनभाईंनी सिंगापूरहून कॉर्डलेस इम्पॅक्ट रेंच आणलं होतं. तेव्हा, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, ती नवलाई होती. पिस्तुलासारखं हत्यार, मुठीखाली बॅटरी. नट अडला की आतली छोटी हातोडी ठोके देते, त्यामुळे गंजलेला नटही सुटतो आणि मनगट पिळवटत नाही. हत्यार उत्तम. दोष असायचा तो चालवणाऱ्यात असतो.

पण मिलमध्ये नवी वस्तू आली म्हणजे पूजा. कुंकू, नारळ, पेढे आणि लाल नाडाछडी, म्हणजे पूजेचा दोरा. मीही दसऱ्याला पाने-पकडी पुजतो, पण कुंकू मुठीला लावतो. जमाईंनी दोरा गुंडाळला तो थेट पुढच्या चौकोनी टोकावर. त्या टोकावर सॉकेट बसतं, म्हणजे नट पकडणारी पोलादी टोपी. ती पूर्ण आत जाऊन टक् आवाज आला तरच पक्की. जमाईंनी ती दोऱ्यावरच दाबून बसवली. आवाज काही आला नाही.

मी म्हणालो, "केतनभाई, बॅटरी काढा, दोरा काढा, मग सॉकेट बसवा."

"पाटीलभाई, आ तो शुकन छे. शुकन कंई कपाय?" म्हणजे शकुनाचा दोरा कापायचा नसतो.

"मग मुठीला बांधा. तिथेही देवाला दिसेल."

पाटलाच्या हातचा धंदा चाललाय म्हणून खुसपटं काढतोय, असं शेठ सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. धंदा चालला होता हे खरंच होतं. सॉकेट ढिलं होतं हेही खरं होतं.

माझा फिटर रघुनाथ झाकणाला हात देऊन उभा होता. आमच्याच धुळ्याकडचा, सुरतेच्या गोडादऱ्यात राहणारा. त्याने हळूच विचारलं, "दादा, मी आठे उभा ऱ्हाऊ का नको?" मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. जमाईंनी परत बोलावलं. झाकण काय ते स्वतः धरणार होते?

झाकणाचे पहिले नट भराभर सुटले. नटावर दाबलेलं असेपर्यंत सॉकेट जाणार कुठे? शेठ माझ्याकडे बघून मान डोलावू लागले. तेवढ्यात जमाई कौतुक झेलायला वळले, बोट ट्रिगरवर तसंच ठेवून. रेंच हवेत गरगरलं आणि सॉकेट सुटून रघुनाथच्या तोंडावर बसलं. पुढचे दोन दात गेले.

शेठचं पहिलं वाक्य होतं, "तारो माणस वच्चे केम ऊभो हतो?" म्हणजे माझाच माणूस मध्ये का उभा होता!

यावर मी जे बोललो त्यातलं बहुतेक छापता येणार नाही. छापण्याजोगं एवढंच, की रघुनाथचे दात मिल बसवून देईल, बरा होईपर्यंत त्याचा पगार चालू राहील, आणि फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे जायचं की नाही हे काँट्रॅक्ट कुणाला मिळतं ते पाहून ठरेल. मी रघुनाथकडे पाहिलं. त्याने रुमाल तोंडावर दाबून मानेनेच होकार दिला. शेठला सौदा ताबडतोब समजला. या वेळी ते हसले नाहीत.

काम माझ्याकडे राहिलं आणि रेंचही माझ्या ताब्यात आलं. ते आम्ही पुढे कितीतरी वर्षं वापरलं. नट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवायचा, कारण तिरका बसलेला नट रेंच तसाच रेटतं आणि आटे खाऊन टाकतं. सॉकेट बदलताना बॅटरी बाहेर. शेवटचा ताण टॉर्क रेंचने, म्हणजे मोजून कसणाऱ्या पान्याने, कारण इम्पॅक्ट रेंचला कुठे थांबायचं ते कळत नाही.

पाटलाची नजर लागली, असं केतनभाई अजून पाहुण्यांना सांगतात. सांगोत. माझा अनुभव एवढाच, की ट्रिगरवर बोट असलेल्या माणसासमोर उभं राहू नये. तो मालकाचा जावई असेल, तर बॅटरी काढलेली असतानाही नाही.