खिळा कोणी ठोकला

साकीनाक्याला आमच्या कारखान्यात कुकरच्या झाकणाला बसतात त्या रबराच्या रिंगा बनतात. तिथे मी वीस वर्षं सुपरवायझर. डोकं माझं चटकन तापतं, लपवण्यात अर्थ नाही. पाच नंबरच्या मशीनवरून महिनाभर वेड्यावाकड्या रिंगा यायला लागल्या, तेव्हा तिथल्या ताईंना मी सरळ सुनावलं, "सोमवारपासून येऊ नका." नवरा आजारी, घर त्यांच्या पगारावर चालतं, हे मला ठाऊक होतं. तरी सुनावलं.

नव्या मॅनेजर मॅडमना हे कळलं, तेव्हा ताई पाळी संपवून घरी गेलेल्या. मुलुंडच्या, माझ्या पोरीच्या वयाच्या. मला वाटलं, आता भाषण ऐका. तर बाई केबिन सोडून थेट मशीनपाशी स्टूल ओढून बसल्या.

"काका, रिंग साच्यातून गोल निघते ना? मग बिघडते कधी?"

"ताईंच्या हातात," मी म्हणालो.

"बघू या ना!"

घ्या, आता ह्या आपल्याला रबर शिकवणार! पण त्यांनी मशीन मलाच चालवायला लावलं. निघालेली रिंग मोजली, गोल होती. मी ती बाजूच्या खिळ्याला अडकवली, मागोमाग दुसऱ्या. आता मलाही राहवेना. तासाभराने पहिली काढून मोजली, तर चक्क अंड्यासारखी! गरम रबर, टांगलं की आपल्याच वजनाने लांबतं. बाकी मशीनवर रिंगा टेबलावर पसरून गार करतात. इथे टेबलाला जागा नव्हती.

"खिळा कोणी ठोकला?" मॅडमनी विचारलं. रागाने नाही, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आजूबाजूचे सगळे कान टवकारून उभे.

"मी. महिन्यापूर्वी." शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बरं झालं, सापडलं. आता ताईंना कोण सांगणार?"

संध्याकाळी मी घाटकोपरला ताईंच्या दारात. त्यांनी आत बोलावलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, माफी मागितली, सोमवारी या म्हटलं.

"येईन," ताई म्हणाल्या. "पण भाऊ, खिळ्यावर रिंगा लांबतात हे मला दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले होते की. तुम्ही म्हणालात, हात चालवा, तोंड नको."

मी खूप आठवून पाहिलं. मला ते आठवतही नव्हतं.