हळदीतली दाढ

दातदुखीने काही कोणी मरत नाही, असं कोणी सहज बोलून गेलं की माझं डोकं फिरतं. आता पनवेलात गल्लोगल्ली दातांचे दवाखाने झाले आहेत आणि तिथल्या बाकांवर गाल धरून बसलेली माणसं एकमेकांना धीर द्यायला हेच वाक्य ऐकवतात. मी उठून बाहेर जाऊन उभी राहते. उगाच कोणाशी तरी वाजायचं. माझी मोठी बहीण दातदुखीनेच मेली. खालची दाढ, उजव्या बाजूची.

आम्ही मिठागरातली माणसं. पनवेलच्या खाडीला लागून आमचं गाव, चारी बाजूंना मिठाचे वाफे आणि वाफ्यांना बांध. तेव्हा पनवेलला रेल्वे अजून यायची होती. बाजाराला जायचं तर बांधावरून चालत, आजारी माणूस असेल तर बैलगाडीने. वडील मिठागरावर कामाला होते, पण घरात शब्द चालायचा तो त्यांच्या मोठ्या भावाचा. आम्ही त्यांना काका म्हणायचो. काका दुष्ट नव्हते, हे आधीच सांगते. दुष्ट असते तर राग करणं सोपं गेलं असतं. आमच्या आजारपणात रात्र रात्र जागणारा माणूस. फक्त त्यांना एकदा एखादी गोष्ट ठाऊक आहे असं वाटलं, की संपलं.

आणि मिठावर आमच्या लोकांची भलती श्रद्धा. पाय कापला, लाव मीठ. घसा धरला, मिठाच्या गुळण्या. मूल रडतं, मीठ ओवाळून टाक. जे हाताने पिकवतो त्यानेच सगळं बरं होणार, असा एकूण हिशेब.

बहीण माझ्याहून थोडीच मोठी. हसली की सगळे दात दाखवायची, त्यावरून आई तिला सारखी रागवायची. चिंचोके दातांनी फोडायची पैज लावायची आणि जिंकायची. तिचं लग्न खाडीपलीकडच्या गावात ठरलं आणि त्याच सुमाराला तिची दाढ ठणकायला लागली. आधी लवंग झाली, मग मिश्री दाबून झाली. मग आई तिला, सोबत मलाही, पनवेलच्या बाजारात दाढेतले किडे काढणाऱ्या एका बाईकडे घेऊन गेली. ती बाई रिंगणीच्या काटेरी झुडपाचं बी निखाऱ्यावर टाकायची, नळीने त्याचा धूर दाढेला द्यायची आणि मग वाटीतल्या पाण्यात तरंगणारे पांढरे किडे दाखवायची. ते किडे बियांतूनच निघतात, दाढेतून नाही, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा आम्ही तिघी वाटीवर वाकून मोठ्या समाधानाने ते बघत होतो. धुराने दाढ बधिर झाली आणि काही दिवस खरंच थांबली.

त्या बाईच्या बसायच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर एका डॉक्टरांचा दवाखाना होता. ते दातही काढायचे. वडील एकदा म्हणालेसुद्धा, जाता जाता दाखवून या. पण सासरच्या बायका नवरी निरखून बघतात, त्यात एक दाढ कमी दिसली तर जन्मभर टोमणे. लग्न झालं की काढू, असं ठरलं. बहिणीलाही ते पटलं. तिला पटलं होतं, हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं तिला पटलं नव्हतं.

हळदीच्या संध्याकाळी मी करवली म्हणून तिच्या शेजारी पाटावर बसले होते. ढोल वाजत होता, बायका नाचत होत्या, आणि आमच्यात लग्नाचे विधी गाण्यांतून लावणारी धवलारीण खड्या आवाजात गात होती. एकेक बाई यायची, मूठभर हळद बहिणीच्या गालांना फासायची. प्रत्येक वेळी बहीण माझा हात आवळायची. मला वाटलं, रडू आवरते आहे. गाल तापला होता, सुजायला लागला होता, पण पिवळ्याधमक हळदीखाली कोणाच्या काय लक्षात येणार! ती जेवली नाही. हळदीची नवरी कुठे जेवते, असं म्हणून सगळे हसले.

सकाळी उठून बघते तर सूज गालावरून जबड्याखाली उतरली होती. हात लावला तर लाकडासारखी टणक. तोंड जेमतेम उघडत होतं, लाळ गिळता येत नव्हती, ती पदराने टिपत बसली होती. आवाज घोगरा आला होता. आईने तव्यावर मीठ तापवलं, फडक्यात बांधलं आणि शेकायला बसली. तासाभराने सूज गळ्यापर्यंत आली. आई आणखी मीठ तापवायला उठली तेव्हा वडिलांनी बैल जुंपले आणि पनवेलच्या डॉक्टरांना घेऊन आले.

डॉक्टरांनी चमच्याचा दांडा घालून तोंडात बघायचा प्रयत्न केला. चमचा आत जाईना. त्यांनी मान दाबून पाहिली, एक इंजेक्शन दिलं आणि सरळ वडिलांना म्हणाले, "आत पू झालाय आणि सूज घशाकडे चाललीय. हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात आणा. पू काढला पाहिजे. श्वास कोंडला तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"इथंच नाय का काढता येनार?" वडिलांनी विचारलं.

"इथे माझ्याकडे हत्यारं नाहीत. आणि तिथून मुंबईला हलवायची वेळ आली तर गाडी तरी मिळेल. मी पुढे होऊन तयारी करतो. उशीर करू नका." एवढं सांगून, तिला उठवून तयार करेपर्यंत न थांबता, ते शेजारच्या पोराने हाकलेल्या आमच्याच गाडीतून परत गेले. शेजारच्यांची दुसरी गाडी दारात तयारच होती.

आणि काका दारात उभे राहिले.

"हलदीची पोर येशीच्या भायेर नाय जायची," ते म्हणाले.

आमच्यात एकदा हळद लागली की लग्न लागेपर्यंत नवरीने वेस ओलांडायची नाही. हळदीच्या अंगाला बाहेरचं लागतं, आणि जे लागतं ते नवऱ्यामुलालाही भोवतं, असं मानायचे. लग्न त्याच दिवशी, पण गोरज मुहूर्तावर. म्हणजे संध्याकाळपर्यंत ती घरातच.

"दादा, डागदर बोलला का—" वडिलांनी सुरुवात केली.

"डागदर आज आला. हलद कवापासून हाय?"

 मोठ्या भावापुढे बोलायची सवयच नव्हती वडिलांना. मला आजही त्यांचे ते लोंबणारे हात दिसतात आणि त्यांना गदागदा हलवावंसं वाटतं.

आई मोठ्या दिरांसमोर कधी तोंड वर करून बोलत नसे. पदर पुढे ओढून, भिंतीकडे बघून ती म्हणाली, "मंग मी हलद धुऊन टाकते. हलदच नसली तं कोन आडवील?" आणि तिने पाण्याचा हंडा उचलला.

धवलारणीने तिचा हात धरला. "खुली झालीस काय? धुतलेली हलद परत लागत नाय. लगीन मोरला असाच अर्थ होतो त्याचा. पोरीला मंग कोन करील?"

तेवढ्यात बहिणीने जे केलं ते फक्त मी नीट पाहिलं, कारण मी तिच्या अगदी जवळ होते. तिला बोलता येत नव्हतं. ती गुडघ्यांवर सरकत पुढे आली आणि तिने आपली मान त्या हंड्याखाली धरली. ओत, असं हाताने खुणावलं. लग्न मोडलं तरी चालेल, मला वाचवा, याहून स्पष्ट माणूस काय सांगणार? बायकांनी हंडा आईच्या हातातून काढून घेतला आणि बहिणीला पुन्हा पाटावर बसवलं. बिचारी घाबरली आहे, म्हणाल्या.

मग काकांनाच तोड सुचली. "लगीन आत्ताच लावू. लगीन लागला का ती त्यांची झाली. मंग पनवेलला न्या नायतर मुंबयला न्या."

सगळ्यांना एकदम मोकळं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला सांगू. हळदही सांभाळली जाणार होती आणि दवाखानाही गाठता येणार होता. काकांनी लगेच माणूस धाडला. तो खाडीला वळसा घालून बांधाबांधाने धावत नवऱ्यामुलाच्या गावी गेला. पण वऱ्हाड यायचं होतं होडीने, आणि खाडीला ओहोटी होती. पाणी उतरून नुसता चिखल पसरला होता. नवरदेवाला एकट्याला बांधावरून चालत आणा, असं वडिलांनी सुचवलं. वऱ्हाडाशिवाय नवरदेव? काकांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते उठून बांधावर पाणी बघायला गेले.

मग आम्ही भरतीची वाट बघत बसलो. गावातले पुरुष बांधावर जाऊन पाणी बघून येत. आलं का? येतंय. बहिणीला आडवं होता येईना. आडवी झाली की जीव कासावीस व्हायचा, म्हणून मी तिच्या पाठीला पाठ लावून बसले. तिचा प्रत्येक श्वास माझ्या पाठीत कळायचा. आधी नुसता जोराचा होता, मग त्यात घरघर आली. मधेच ती माझा हात घट्ट दाबायची आणि मी म्हणायची, "पानी चढला, आता येतीलच." मांडवात स्वयंपाक चालला होता. जेवणाचा वास येत होता आणि मला भूक लागली होती, याची मला फार चीड येत होती.

ऊन कलायला लागलं तेव्हा होडी लागली. वाजतगाजत आले बिचारे, त्यांना नुसतं लवकर बोलावलं आहे एवढंच कळलं होतं. बहिणीला दोघींनी धरून उभी केली. अंतरपाट धरला. धवलारणीने गाणी आखडती घेतली, अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला.

नवऱ्यामुलाने तिच्याकडे पाहिलं. तो मिसरूड फुटलेला पोरगाच होता. त्याने हातातला हार घालायच्या आधी विचारलं, "ही अशी कवापासून हाय?"



त्याने हार घातला, डोक्याचं बाशिंग काढून दुसऱ्याच्या हातात दिलं आणि तिला उचललं. त्याची आई मागून म्हणाली, आधी नवरीने सासरचं माप ओलांडायला पाहिजे. "घर कुटं पलत नाय," तो चालता चालताच म्हणाला. त्या दिवसभरात सगळ्यांमध्ये शहाणं असं एवढंच वाक्य मी ऐकलं, आणि ते बोलणारा माणूस भरतीची वाट बघत पलीकडच्या काठावर बसलेला होता.

वडिलांनी गाडी हाकली. तो आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरून बसलो. मुंडावळ्या तशाच होत्या, धक्क्यांनी सारख्या तोंडावर यायच्या, तो त्या बाजूला करायचा. समोर कर्नाळ्याचा सुळका दिसत होता आणि गाडी कितीही पळवली तरी तो तेवढाच लांब राहत होता. तिचे ओठ निळसर झाले. बाजार जवळ आला तेव्हा तिने माझ्या हातावरची पकड सैल केली. झोप लागली असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

डॉक्टर दवाखान्याच्या पायरीवर उभे होते. हत्यारं उकळून ठेवलेली होती. त्यांनी तिला टेबलावर टेकवून बसवलं आणि जबड्याखाली चीर दिली. पू आला. खूप आला. पण श्वास आला नाही. त्यांनी बराच वेळ धडपड केली. मग हात धुऊन बाहेर आले. वडिलांवर ओरडतील असं मला वाटलं होतं, मला ते हवंही होतं. ते ओरडले नाहीत. "सकाळी दहा मिनिटांचं काम होतं," एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसले.

त्याच गाडीतून आम्ही तिला परत आणलं.

मांडव उभाच होता. आलेले पाहुणे अजून गेले नव्हते. तिला हिरवं लुगडं नेसवलं, हिरवा चुडा होताच, कपाळभर कुंकू लावलं. आणि मग बायका कुजबुजायला लागल्या. भरल्या कुंकवानं गेली. सवाष्ण गेली. नशीब काढलंन पोरीनं. एकेक जण पुढे येऊन तिच्या कपाळाचं कुंकू बोटाने घेऊन आपल्या कपाळाला लावू लागली, पाया पडू लागली. घाईने लग्न लावलं नसतं तर कुंवार गेली असती, असं कोणी तरी म्हणालं, आणि काकांनी मान हलवली. त्यांचे डोळे सुजलेले होते. खरंच रडले होते ते.

"भाग्याची पोर," काका म्हणाले.

तोपर्यंत आई बहिणीच्या उशाशी बसून होती. एक टिपूसही गाळलं नव्हतं. ती उठली. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या दिरांच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"भाग्याची नाय," ती म्हणाली. "दाढंनं मेली ती. आनि आमी सगले पानी चढायची वाट बगत बसलो."