वायरिंगवाले तात्या

तात्या वायरिंग डोळे मिटून बघत. स्कूटरचा हेडलाइट काढून ठेवायचा, हँडलच्या पोटातला वायरींचा जुडगा बाहेर ओढायचा आणि एकेक वायर अंगठा-तर्जनीत धरून टोकापर्यंत जायचं. चेहरा असा, जणू दुपारच्या झोपेत काहीतरी आठवतंय. मग बोटं थांबत. "हितं हाय," ते म्हणत, आणि वरून धड दिसणारी वायर तिथं आतून तुटलेली निघे. मोजायची मला सवय आहे. माझ्यासमोर त्यांनी असे एकवीस बिघाड नुसत्या बोटांनी सांगितले. एकोणीस बरोबर निघाले, दोन चुकले.

त्यांचं गाव दौलताबादच्या किल्ल्याखाली. घरची मेंढरं, भाऊ अजून तीच राखत. तात्या तरुणपणी छावणीतल्या एका गॅरेजात काम शिकले आणि आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एका पत्र्याच्या गाळ्यात बसू लागले. चिकलठाणा, वाळूज, जिकडे बघावं तिकडे कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या. सकाळच्या पाळीला स्कूटरींची रांगच्या रांग धुरात तरंगत जाताना दिसे. त्यात मीही असे, एका कंपनीच्या स्टोअरमधला कारकून. माझी स्कूटर तिसऱ्या हाताची, गोल पाठीची, बिनबॅटरीची. हल्ली त्या घाटाच्या नव्या गाड्या मुलं हौसेनं घेतात. माझी खरोखरच तेवढी जुनी होती.

गाडी किती किलोमीटरला बंद पडली, किती किका लागल्या, हे मी वहीत लिहून नेई. तात्या हसत. "वही मिटा, साहेब. बंद कुठं पडली त्ये नगं. शेवटी नीट कुठं चालली, त्येवढं सांगा." चुकलेलं मेंढरू शोधताना त्यांचा बाप हेच विचारी, शेवटी कुठं चरताना बघितलं? तिथून माग काढत निघायचं. तात्याही तसेच निघत, गाडी जिथं शेवटी धड होती तिथपासून, घाई न करता. समोर बसलं की वेळ जायचा तो कळायचा नाही.

ती नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाच्या नावावरून शहर दोन तुकडे झालं होतं. आमची कॉलनी विरोधातली. तात्यांकडे उस्मानपुऱ्याचे सोनवणे सर येत, शाळामास्तर, नामांतराच्या मोर्च्यात पुढे चालणारे. तात्या दोन्ही बाजूंच्या गाड्या सारख्याच डोळे मिटून बघत.

एका सकाळी सरांची स्कूटर गोणपाटावर उघडून पडली होती, सगळं वायरिंग बाहेर. मी माझ्या गाडीचा प्लग बदलायला थांबलो होतो. आमच्याच गल्लीतले तिघं आले.

"तात्या, ही त्या मास्तरची ना?"

"व्हय."

"उचला आन् रस्त्यावर टाका. इथं त्यांच्या गाड्या नाय होणार आता."

तात्यांनी हातातली वायर सोडली नाही. "उघडी गाडी मी कुणाच्या हाती देत नसतो. तुझी असती तरी दिली नसती. पुरी झाली की ज्याची त्यो नेईल."

"लई बोलायला लागला का?" एक जण म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "साहेब, तुम्ही शिकलेले. सांगा की ह्यांना. बंद करायला लावू का दुकान?"

तात्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी हातातला नवा प्लग खिशात टाकला, गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली आणि तिथून चालू केली.

त्यानंतर कॉलनीतल्या गाड्या तात्यांकडे जाईनाशा झाल्या. गाळ्यापुढे सकाळी नऊ-दहा स्कूटरी असत, त्या तीन झाल्या, मग एक. माझीही नव्हती. मी मान खाली घालून पुढून जाई, पण मोजायचं सुटलं नाही.

चार महिन्यांनी माझ्या गाडीला विचित्र दुखणं लागलं. मधूनच विझायची, तेही नेमकी गर्दीत. दोन मिस्त्र्यांनी कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, पॉइंट घासले, दुखणं तसंच. शेवटी एका दुपारी गाडी ढकलत तात्यांपुढे उभी केली.

त्यांनी नेहमीचंच विचारलं, "शेवटी नीट कुठं चालली, साहेब?"

"तुमच्या दुकानापर्यंत," मी म्हणालो.

त्यांनी हात गोणपाटाला पुसले. मग गाडी चालू करून त्यांनी पायानं ब्रेक दाबला. गाडी विझली. पुन्हा चालू, पुन्हा ब्रेक, पुन्हा विझली. "ह्या जुन्या गाडीत ब्रेक दाबला की ठिणगीचा करंट मागच्या ब्रेकच्या दिव्यातून जातो. दिवा गेला की वाट तुटली." त्यांनी बोटाएवढा दिवा बदलला. दुखणं संपलं.

"तात्या, त्या दिवशी मी..."

"मालकानं गाळा सोडाया सांगितलंय," ते मधेच म्हणाले. "म्हणतो, गिऱ्हाईक नाय, वर भांडणं. दोन शब्द टाकता का?"

मालक आमच्याच गल्लीत राहत. मी तसाच गेलो. ओट्यावर त्या तिघांतले दोघं बसले होते. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "तात्यांची काही चूक नाही. गाडी कुणाचीही असो, ते नीट करणारच. माझी गाडी त्यांच्याकडेच येणार."

मालक शांत माणूस. म्हणाले, "हे तेव्हाच बोलला असतात तर चार जण तुमच्यामागं आले असते. मी तरी कुणाच्या जिवावर ठेवू? आता गाळा दुसऱ्याला कबूल केला हो."

तात्यांचं सामान दोन स्कूटरींवर मावलं. पेटी सरांच्या गाडीवर, गोणपाट आणि तात्या माझ्यामागे. दौलताबादचा रस्ता पिवळ्या उन्हात हलत होता, किल्ला धुरकट, जवळ येतोय की लांब जातोय ते कळत नव्हतं. गावाअलीकडे त्यांच्या भावाची मेंढरं रस्ता ओलांडत होती. आम्ही इंजिनं बंद केली. मेंढरं दोन्ही गाड्यांच्या बाजूनं पाण्यासारखी वाहत गेली. तात्या उतरले, त्यांच्यात शिरले, आणि लोकरीच्या त्या धुळीत त्यांचा पांढरा सदरा कुठला ते मला ओळखू येईना. पुन्हा त्यांनी शहरात दुकान मांडलं नाही.

परत येताना छावणीच्या अलीकडे सर थांबले. "त्या दिवशी तुम्ही तिथं होतात ना?"

"होतो."

"काय म्हणालात?"

"काहीच नाही."

"मालकाशी बोललात म्हणे."

"चार महिने उशिरा," मी म्हणालो.

सरांनी मान हलवली. 'असू द्या' असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी तसं म्हटलं नाही, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.