पाठीवरचा भोपळा
सुनेने शोभेसाठी भिंतीवर टांगलेला वाळका भोपळा पाहिला आणि माझा उजवा खांदा ठणकला. सत्तरच्या दशकात कंपनीतल्या प्रेस मशीनने तो चिरडला तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. पोहण्यातली बक्षिसं आणि घराण्यातली पहिली पदवी, दोन्हींचा तोरा होता. वर्षभराने पुन्हा पोहायला रहाटणीच्या विहिरीवर गेलो, तर चुलतभावाने शिकाऊ पोरांचा भोपळा माझ्या पाठीला बांधला. "बीए सायेब, आता ह्येच्याबिगर तरंगत न्हाई तुमी!" मी भोपळा हिसकून त्याच्या तोंडावर फोडला आणि रक्ताळलेल्या नाकासकट त्याला कवटाळून उडी मारली. पाण्यात त्याने दुखऱ्या खांद्यावर बुक्क्या घातल्या, मी त्याचं मुंडकं दाबलं. अचानक तो ढिला पडला. घाबरून मी त्याला ओढत पायऱ्यांशी आणलं. पाणी ओकत तो म्हणाला, "कंच्या हातानं वढलंस रं?" चिरडलेल्या खांद्याच्याच. आज भोपळ्याकडे बघताना मूठही त्याच हाताची वळली.