नवाबी बागेतला माळी

माझी नोकरी एका म्हाताऱ्या माळ्यामुळे टिकली, आणि मला त्याचं नावही माहीत नाही.

लातूरहून हैदराबादेत काचीगुड्याला येऊन ड्रायव्हर झालो, त्याच महिन्यात साहेबांना शहराबाहेरच्या नवाबी बागेत नेलं. तिथली 'हिरवळीवर जाऊ नये' ही तेलुगू पाटी, मराठी शाळाही सातवीत सोडलेल्या मला कुठून वाचता येणार? मी खुशाल हिरवळीवर आडवा झालो. माळ्यानं शिट्टी फुंकली, तसे माझे साहेबच धावत आले. मी रडकुंडीला आलो.

माझं तोंड बघून माळ्यानं शिट्टी खिशात टाकली. "मैंच सुलाया इनकू, साब. नवाब के जमाने का रिवाज है. घास कटी तो एक आदमी सोके देखता, नरम है की नहीं."

साहेबांनी मला गंभीरपणे विचारलं, "मग, कशी आहे?"

घाबरून मी म्हणालो, "डावीकडं जरा टोचतंय, साहेब."

माळी कात्री उचलून डावीकडं जाऊन गवत कापत बसला.