दोन दिवस उरलेला पास

माझी बायको ज्या वकिलांकडे भांडी घासत होती, त्यांनी यवतमाळच्या प्रदर्शनाचा दहा दिवसांचा घरभराचा पास काढला होता. आठ दिवसांत त्यांची पोरं कंटाळली. वकिलीणबाईनं पास बायकोच्या हातात ठेवला. जाड पुठ्ठ्यावर दहा चौकोन, आठांना भोकं पाडलेली, दोन कोरे. आत गेलं की सगळं फुकट, कितीही वेळा. मी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत होतो. सुट्टी मागितली नाही, सरळ मारली.

गेट बारा वाजता उघडायचं. आम्ही अकरालेच उभे. भाकर अन् ठेचा फडक्यात बांधून नेला, कारण एकदा बाहेर पडलं की तो दिवस गेला. तिनं मले नुसतं पळवलं. वाकडे दाखवणारे आरसे तीनदा पाहिले. मौत का कुआँ चारदा. चौथ्यांदा तो फटफटीवाला आम्हाले ओळखून हात हलवून गेला. भाकरसुद्धा चालता चालता खाल्ली.

पण मोठ्या पाळण्यापाशी आली की ती थांबे. खाली उभी राहून मान वर करून पाहे. चल म्हटलं तर नाही म्हणे. दिवसभर तेच. मी तिले भित्री म्हटलं, तेही लोकांसमोर. मऊ बोलणं मले तेव्हाही येत नव्हतं. ती गेली त्याले आठ महिने झाले, आता ते बोलणं येऊन काय फायदा.

घरी आल्यावर तिनं सांगितलं. फुलसावंगीकडच्या जत्रेत ती लहानपणी पाळण्यात बसली होती. पाळणेवाल्यानं दंड धरून उतरवलं. तुमच्यासंग दुसरे बसत नाहीत म्हणे. आता आम्ही बौद्ध झालो होतो, तिसरं वर्ष चालू होतं, पण तो हात तिच्या दंडावरून गेला नव्हता.

"उद्या बसतो मी," ती म्हणाली. "कोणी उतरवलं तर पाहू."

दुसऱ्या दिवशी गेटवाल्यानं शेवटच्या चौकोनाले भोक पाडलं अन् ती सरळ पाळण्याकडे निघाली. मी मागं मागं. पाळणेवाल्यानं तिले एका डब्यात बसवलं. समोर एक बाई पोरीले घेऊन बसली होती. बाईनं गोड आवाजात विचारलं, "कोणाच्या हो तुम्ही?"

खोटं सांगता आलं असतं. माझ्या तर तोंडाशी आलं होतं.

"बौद्ध," ती म्हणाली.

बाई पोरीले उचलून उतरली. पाळणेवाला वैतागला. पाळण्याच्या पलीकडच्या डब्यात चार जाडजूड माणसं बसली होती, एकटीवर तोल जमत नव्हता. तो म्हणाला, "बाई, तुम्हीबी उतरा. मंग बसवतो."

तिनं दांडा दोन्ही हातांनी धरला. "मी उतरत नाही. माह्यापाशी पास आहे. तुमाले वजनच पाहिजे ना? तो पाहा, माहा नवरा. गाठी उचलते. बसवा त्याले."

पाळणेवाल्यानं मले वरून खाली पाहिलं अन् ढकललं आत. मले उंचीची भीती वाटते, हे मी कोणाले सांगितलं नव्हतं. पाळणा उचलला तसे मी डोळे गच्च मिटले.

"काहून जी," ती ओरडली, "भित्री कोण आता?"

चौघांच्या डब्यात आम्ही दोघंच, पाय पसरून. खाली आलो की ती दांडा सोडेच ना. पाळणेवाला आधी कुरकुरला, मग हसायला लागला. दिवे लागेपर्यंत आम्ही सात फेऱ्या मारल्या. सहा मी आंधळ्यासारख्या काढल्या. सातव्या फेरीत सगळ्यात वर गेल्यावर मी डोळे उघडले. यवतमाळ कसं दिसते ते पाहिलंच नाही मी. समोर ती बसली होती. दांडा सोडून, दोन्ही हात मोकळे करून.